ज्वालामुखीचा परवाना

'उद्देश' या रकान्यात बाबांनी 'अभ्यास' निवडला आणि तिथून सगळं अडलं.

मी त्या सकाळी शाळेत होते. सौदी अरेबियातल्या जुबैलच्या एका भारतीय शाळेत मी रसायनशास्त्र शिकवते. नवरा कारखान्यात. त्यांच्याकडे शटडाऊन चालू होता, म्हणजे सगळा प्लँट थंड करून दुरुस्तीला काढलेला, आणि त्या दिवसांत तो घरी फक्त झोपायला यायचा. घरी बाबा एकटे. त्यांना करमावं म्हणून मी टॅबलेट त्यांच्यापाशी ठेवून गेले होते, आणि परवान्याचा अर्ज अर्धा भरून तसाच उघडा राहिला होता. दुपारी आले तेव्हा बाबा दारातच म्हणाले, "तुझा फॉर्म मी पुरा केला. पाठवूनही दिला."

मी बघितलं. नाव, पासपोर्ट नंबर, व्हिसाचा नंबर, सगळं बिनचूक. बाबांच्या हातून चुकीचं काही लिहिलं जाणं कठीणच. फक्त उद्देशाच्या खाली जे तीन पर्याय होते, पर्यटन, छायाचित्रण आणि अभ्यास, त्यातला तिसरा त्यांनी निवडला होता.

"बाबा, पर्यटन टाकायचं होतं. दोन मिनिटांत परवाना येतो. शुल्क भरलं की झालं."

"मी काय पर्यटनाला चाललोय?" ते म्हणाले.

बाबा भूगोलाचे शिक्षक होते. पेठ तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत त्यांनी सारी नोकरी काढली. आम्ही राहायचो नाशिकला. सोमवारी पहाटेच्या एसटीने ते जायचे ते शनिवारी दुपारी परत यायचे. गावात त्यांनी एक खोली घेतली होती, तिथंच हाताने करून खायचे. मी नाशिकच्या मुलींच्या शाळेत होते. त्यामुळे त्यांच्या वर्गात मी कधीच बसले नाही.

पण त्यांच्या वर्गाबद्दल मी लहानपणापासून ऐकत आले. दिवाळीत त्यांचे जुने विद्यार्थी घरी यायचे, कुणी तलाठी झालेला, कुणी कंडक्टर, कुणी फौजेतून सुट्टीवर आलेला. आई चिवडा-लाडू द्यायची आणि ते आम्हाला सांगायचे, "सर ज्वालामुखी शिकवायचे ना, तेव्हा शेजारचे वर्ग रिकामे व्हायचे. पोरं खिडकीत येऊन उभी राहायची." काय शिकवायचे, कसं शिकवायचे, ते मात्र कुणालाच धड सांगता यायचं नाही. हात हवेत फिरवून ते म्हणायचे, "ते ऐकायलाच पाहिजे." बाबा तेव्हा पेपर वाचत बसलेले असायचे, वर बघायचेही नाहीत.

कारण घरी बाबा बोलायचे नाहीत. आठवडाभराचा आवाज तिकडे खर्च करून यायचे आणि आमच्या वाट्याला शनिवारी संध्याकाळी दमलेला, सदरा वाळत घालणारा, रविवारी सायकल पुसणारा माणूस यायचा. रागीट नव्हते. नुसते गप्प. मी दहा-अकरा वर्षांची असताना एकदा भूगोलाचं पुस्तक घेऊन त्यांच्याकडे गेले होते. ज्वालामुखीचाच धडा होता. त्यांनी पानावरची आकृती बघितली, "आकृती बरी आहे," म्हणाले आणि पुस्तक मला परत दिलं. मी थोडा वेळ तिथंच उभी राहिले आणि मग आत गेले.

आई गेल्यावर दुसऱ्या वर्षी बाबा माझ्याकडे आले, तीन महिन्यांच्या व्हिसावर. जुबैलमध्ये मला तोवर एकोणीस वर्षं झाली होती. आमचं शहर आखीव. कंपनीच्या बसगाड्या, समुद्राकाठचा रस्ता, खजुराची ओळीत लावलेली झाडं, आणि क्षितिजावर कारखान्यांच्या चिमण्यांच्या ज्योती. पहिल्या आठवड्यात बाबा रोज त्या ज्योतींकडे बघत बसायचे. मग एक दिवस त्यांनी नकाशा मागितला. मोबाईलवरचा नको, कागदाचा. तो मिळाला नाही तेव्हा शाळेच्या वाचनालयातून मी एक जुना ॲटलास आणला. त्यांनी चष्मा पुसला आणि अरबस्तानाच्या पश्चिमेला, मदिनेच्या वर, बोट ठेवलं.

"हे काय आहे माहीत आहे तुला?"

"वाळवंट."

"वाळवंट कुठलं. हा लाव्हा आहे. मैलोन् मैल. इथले लोक याला हर्रा म्हणतात. काळ्या दगडांचा मुलूख." मग ते म्हणाले, "तू एकोणीस वर्षं इथं आहेस."

तक्रार नव्हती ती. पण मला लागलं. एकोणीस वर्षांत आम्ही दम्मामला गेलो, बहरीनचा पूल ओलांडला, दर उन्हाळ्यात नाशिकला गेलो. हा देश आपण बघायचा असतो असं आमच्या कुणाच्या मनातच आलं नव्हतं. पूर्वी बघायला काही सोयही नव्हती. आता त्या ज्वालामुखींच्या भागाचं राखीव उद्यान झालं होतं, तिथं जायला परवाना लागत होता, आणि तो मोबाईलवर मिळत होता. अर्जदार तीन प्रकारचे: नागरिक, रहिवासी आणि पाहुणा. मी इकामा, म्हणजे इथं राहायचं ओळखपत्र, असलेली रहिवासी, बाबा पाहुणे.

मी त्या दिवसापासून मनात धरून बसले होते की तिथं, प्रत्यक्ष ज्वालामुखीच्या काठावर, बाबा बोलतील. पन्नाशीला टेकलेली बाई मी. पण मला तो तास हवा होता.

'अभ्यास' निवडल्यामुळे अर्ज तपासणीत गेला. चार दिवसांनी उत्तर आलं की संस्थेचं पत्र, मार्गदर्शकाचं नाव आणि संशोधनाचा विषय जोडावा. मी म्हटलं, जाऊ दे, हा अर्ज रद्द करून नवा करू. बाबा म्हणाले, "पत्र मागितलंय तर पत्र देऊ."

"कुठल्या संस्थेचं? तुम्हाला निवृत्त होऊन तेवीस वर्षं झाली."

"माझं. मी लिहितो."

दोन संध्याकाळी बसून त्यांनी इंग्रजीत पत्र लिहिलं, आधी कच्चं, मग पक्कं, त्यांच्या त्या उभ्या, सुट्या अक्षरात. मी त्याचा फोटो काढून अर्जाला जोडला. अजून तो माझ्याकडे आहे. त्याचा आशय असा होता: मी एका खेड्यातल्या शाळेत एकतीस वर्षं ज्वालामुखी शिकवला. मी तो कधी पाहिलेला नाही. न पाहिलेली गोष्ट आपण मुलांना शिकवतो आहोत हे मला दर वर्षी टोचत असे. माझा मार्गदर्शक कोणी नाही. संशोधनाचा विषय एवढाच, की मी मुलांना सांगितलं ते बरोबर होतं का.

पुढचे दहा दिवस काहीच आलं नाही. व्हिसाचे दिवस संपत चालले होते. बाबा काही विचारायचे नाहीत, पण मी शाळेतून आले की माझ्या हातातल्या फोनकडे बघायचे. मग एक दिवस मधल्या सुट्टीत फोन वाजला. पलीकडे एक तरुण मुलगी होती, सौदी, इंग्रजी उत्तम.

"उस्ताज आहेत का?" तिने विचारलं. उस्ताज म्हणजे गुरुजी.

"ते घरी आहेत. मी त्यांची मुलगी."

"मी उद्यानात काम करते. मी भूगर्भशास्त्र शिकले आहे. तुमच्या वडिलांचं पत्र आमच्या ऑफिसात सगळ्यांनी वाचलं." मग तिचा आवाज जरा कामाचा झाला. "पण अभ्यासाचा परवाना मला देता येणार नाही. नियम आहे. तुम्ही पर्यटनाचा अर्ज करा. आणि त्यांचं वय जास्त आहे, तर डॉक्टरांचा दाखला लागेल."

मी घरी येऊन सांगितलं. बाबांना 'पर्यटन' गिळायला त्रास झाला. पण सगळ्यांनी पत्र वाचलं म्हटल्यावर ते उठून बाल्कनीत गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

दाखल्यासाठी मी त्यांना जवळच्या दवाखान्यात नेलं. केरळचे डॉक्टर होते. त्यांनी रक्तदाब घेतला, गुडघे वाकवून बघितले आणि हिंदीत विचारलं, "अंकल, पहाड़ क्यों चढ़ना है?" बाबा म्हणाले, "काम है." डॉक्टर हसले, आणि दाखल्यावर लिहिलं की साध्या वाटेने थोडंसं चालण्यास हरकत नाही. त्या एका ओळीमुळे परवाना आला तो अर्धाच. त्या उद्यानात एक पांढरा डोंगर आहे, त्याच्या माथ्यावरचं विवर सगळ्यात मोठं. तिथं जायला चढ फार. आम्हाला परवानगी मिळाली ती अलीकडच्या एका लहान काळ्या ज्वालामुखीची, तिथं वाट केलेली होती. दोन नावं, एक तारीख, दोन तासांची वेळ. बाबांनी त्याची छापील प्रत मागितली. मी शाळेतून काढून आणली. त्यांनी ती घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली, वरून बटण लावलं.

नवऱ्याला सुट्टी मिळणं शक्यच नव्हतं. त्याने फक्त एक केलं, मदिनेतल्या एका ड्रायव्हरचा नंबर मिळवून दिला. ते रायगडच्या किनाऱ्याकडचे, म्हसळ्याच्या बाजूचे. तीस वर्षं मदिनेत गाडी चालवत होते, मुख्यतः कोकणातून येणाऱ्या यात्रेकरूंसाठी. शुक्रवारी सकाळच्या विमानाने आम्ही दम्मामहून मदिनेला उतरलो तेव्हा ते दारात उभे होते. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी.

"या गुरुजी," ते म्हणाले. "ताई, बॅग द्या इकडं."

बाबांनी त्यांना नमस्कार केला आणि पुढच्या सीटवर बसले. मी मागे.

विमानतळावरून आम्ही थेट उत्तरेचा रस्ता धरला. तासाभरात दोन्ही बाजूंची जमीन काळी व्हायला लागली. आधी तुटक, मग सलग. डांबर ओतून वर कुणी नांगर फिरवावा तशी. बाबा काचेला नाक लावून बसले होते. ड्रायव्हरभाई गावाकडच्या गोष्टी सांगत होते. घर बांधलंय, दोन मजली, त्यात राहायला कुणी नाही, मुलं मुंब्र्याला. बायको एकटी असते, फोन केला की विचारते, कधी येताय. "मी बोलतो येतो, येतो. एवढी पाच वर्षं झाली की येतो."

"किती वेळा म्हणालात असं?" बाबांनी विचारलं.

"लय वेळा," ते म्हणाले.

उद्यानाच्या फाटकाशी एक म्हातारा पहारेकरी होता. त्याने माझ्या मोबाईलवरचा परवान्याचा चौकोनी कोड तपासला. बाबांनी बटण काढून आपला कागदही पुढे केला. त्याने तोही आदराने हातात घेतला, बघितला आणि परत दिला. मग ड्रायव्हरभाईंकडे बोट करून काहीतरी विचारलं.

"माझा परवाना नाय म्हणतो," भाईंनी सांगितलं. "मी हितंच थांबतो. तुम्हाला आतली गाडी नेईल."

बाबा थांबले. "हे आमच्याबरोबर आहेत," ते पहारेकऱ्याला इंग्रजीत म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "यांचं तिकीट काढ."

मी मोबाईलवर प्रयत्न केला. त्या दिवसाच्या सगळ्या जागा भरल्या होत्या. फाटकावर शुल्क घेऊन आत सोडायची सोय नव्हती. मला शरम वाटली. तो माणूस अडीच तास गाडी चालवून आम्हाला घेऊन आला होता, आणि त्याचं नाव घालावं हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"गुरुजी, तुम्ही जावा," भाई म्हणाले. "काळा दगड काय, आमच्या गावाला पण हाय."

आतल्या जीपपाशी फोनवरची ती मुलगीच उभी होती. काळा अबाया, पायात डोंगर चढायचे बूट. तिने आम्हाला गहवा, म्हणजे अरबी कॉफी, दिला, खजूर दिले, आणि बाबांना म्हणाली, "उस्ताज, तुमची वाट बघत होते." सुट्टीचा शुक्रवार असूनही ती मुद्दाम आली होती.

वाट वीस मिनिटांची होती. आम्हाला चाळीस लागली. पायाखाली भाजलेल्या विटेच्या चुऱ्यासारखी खडी, प्रत्येक पाऊल थोडं मागे सरकणारं. बाबा तीनदा थांबले. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा ओठ पांढरे पडले होते. मी म्हटलं, इथूनच बघू. त्यांनी माझा हात धरला आणि चालायला लागले. त्यांनी माझा हात धरल्याचं मला त्याआधीचं आठवत नाही. लहानपणी धरला असेल.

आणि मग वाट संपली आणि समोर एकदम जमीनच नव्हती. खाली मोठी काळी कढई. तिच्या कडा गंजलेल्या लोखंडासारख्या तांबड्या. तळाशी बारीक करडी माती, तिच्यात दोन-चार खुरटी झुडपं. पलीकडे काळा मुलूख नजर पोचेल तिथवर, आणि खूप दूर तो पांढरा डोंगर, तांदळाच्या पिठाची रास ओतल्यासारखा. वारा एवढा की कानात दुसरं काही शिरत नव्हतं.

मी बाबांकडे बघितलं. मी वाट बघत होते. त्यांनी तोंड उघडावं आणि तो तास सुरू व्हावा.

बोलायला लागली ती उद्यानातली मुलगी. तिचं कामच होतं ते. हा ज्वालामुखी कसा तयार झाला, खडी हलकी का, लाव्हा कुठून वाहत गेला. छान सांगत होती. बाबा तिच्यासमोर ताठ उभे होते, हाताची घडी घालून, मुलं वर्गात उभी राहतात तसे. मध्येच त्यांनी हात वर केला. एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाने, बोलायची परवानगी मागायला.

"हे होताना इथं कुणी पाहिलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"मदिनेजवळ एकदा झालं होतं, ते लोकांनी पाहिलं आणि लिहून ठेवलं," ती म्हणाली. "इथलं कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही. माझी आजी या भागात शेळ्या चारायची. ती सांगायची, पूर्वी जमीन जागी होती. एवढंच."

बाबांनी मान हलवली. मग हळूच वाकले, गुडघ्यावर हात ठेवून, आणि एका काळ्या दगडावर तळवा टेकवला.

"गार आहे," ते मराठीत म्हणाले. बस्स. दोन तासांत माझ्याशी बोललेले तेवढेच शब्द. आमची वेळ संपली, जीप खाली आली. त्या मुलीने बाबांचा हात धरून त्यांना उतरवलं आणि विचारलं, "मग उस्ताज, मुलांना सांगितलं ते बरोबर होतं का?"

"बरंचसं," बाबा म्हणाले. "एक-दोन गोष्टी चुकल्या."

फाटकाबाहेर भाई गाडीला टेकून उभे होते. आम्ही बसलो, गाडी रस्त्याला लागली. मी मागे खिडकीला डोकं टेकवून डोळे मिटले. रडू येत होतं आणि कशाचं ते कुणाला सांगता आलं नसतं. पुढून भाईंचा आवाज आला.

"काय बघितलंत, गुरुजी?"

"तुमच्या गावी विहीर खणली आहे का हो कधी?" बाबांनी विचारलं.

"खणली ना. घराच्या मागं."

"वर काय लागलं?"

"जांभा. तांबडा चिरा."

"आणि त्याच्या खाली?"

"खाली काळा फत्तर. सुरुंग लावायला लागला."

"हां," बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला. मी डोळे उघडले. मोठा झाला असं नाही, पण त्या आवाजाला पाठीचा कणा आला. "आता त्या फत्तरावर तुम्ही उभे आहात असं धरा. वर जांभा नाही, झाड नाही, घर नाही. तुम्हीच पहिले. पाय भाजतायत."

भाई हसले. पण गाडीचा वेग त्यांनी कमी केला.

मग बाबा सांगत गेले. आपल्याकडे असा डोंगर फुटला नाही, तर जमीनच उसवली, शिवण उसवते तशी, लांबच लांब. त्यातून लाव्हा वर आला आणि उतू गेलेल्या दुधासारखा पसरला. निवला. त्याच्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. म्हणून सह्याद्री बाजूने बघितला की पायऱ्या-पायऱ्यांचा दिसतो. घाट उतरताना कधी बघितलंय का? भाई म्हणाले, बघितलंय, पण पायऱ्या कुणी केल्या असं मनात नाय आलं. बाबांनी दोन्ही हात उचलले आणि एकावर एक तळवे ठेवत थर दाखवले. साडेसहा कोटी वर्षं ऊन-पाऊस खाऊन वरचा दगड सडतो, तांबडा होतो, त्याचा जांभा होतो. "जांभा म्हणजे या काळ्या दगडाचं म्हातारपण. आणि हा इथला," त्यांनी काचेबाहेर बोट केलं, "हा कालचा पोर आहे. तुमच्या विहिरीतल्या फत्तराचा लांबचा भाऊबंद."

"म्हणजे मी घरच्याच दगडात गाडी चालवतोय इतकी वर्षं," भाई म्हणाले.

"तसंच."

बाबा मागे वळले नाहीत. मला त्यांचा कान दिसत होता, पांढरे केस, आणि हवेत हलणारे हात. मी श्वाससुद्धा जपून घेत होते. मधूनमधून ते प्रश्न विचारायचे आणि भाईंनी उत्तर देईपर्यंत थांबायचे, घाई न करता. चुकीचं उत्तर आलं तर म्हणायचे, "जवळ आलात." ती दिवाळीतली माणसं हात हवेत का फिरवायची ते मला कळलं.

तांबडा समुद्र कसा दर वर्षी रुंद होतो, अरबस्तान आफ्रिकेपासून कसा सरकतोय, इथपर्यंत ते आले. मग म्हणाले, "आता प्रश्न असा येतो, की हे सगळं थांबलं आहे का? आणि थांबलं असेल, तर आपल्याकडे थांबलं आणि इथं—"

"गुरुजी, एक मिनिट," भाई ओशाळून म्हणाले. "पंप आला. पेट्रोल घेतो, आणि नमाजची वेळ झाली, दहा मिनिटांत आलो."

"या, या. सावकाश या."

भाई पंपाच्या मागच्या मशिदीत गेले. मी बाबांना संत्रं सोलून दिलं. त्यांनी दोन फोडी खाल्ल्या. मला तेव्हाच म्हणायचं होतं, सांगा ना पुढचं, मी आहे. पण माझ्या तोंडून निघालं, "दमलात का?" ते म्हणाले, "थोडं." आणि भाई परत येईपर्यंत त्यांना झोप लागली होती. भाईंनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. त्यांनी दार आवाज न करता लावलं. विमानतळापर्यंत बाबा झोपून होते.

जुबैलला परत आल्यावर दोन दिवसांनी मी विषय काढला. ते खजुराची बी बोटांत फिरवत बाल्कनीत बसले होते.

"बाबा, ते पुढचं राहिलं."

"कसलं?"

"गाडीत सांगत होतात ते. थांबलं आहे का, म्हणालात."

"सांगितलं ना सगळं."

"भाईंना सांगितलंत."

"मग तू मागेच होतीस की," ते म्हणाले. त्यांना खरंच कळलं नव्हतं. मी हो म्हटलं आणि चहा टाकायला आत गेले.

पुढच्या आठवड्यात त्यांचा व्हिसा संपला. दम्मामच्या विमानतळावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि रांगेत गेले. काचेपलीकडे ते सदऱ्याच्या खिशाचं बटण चाचपत होते, पासपोर्ट तिथं आहे ना बघायला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात त्यांचे कान गेले. हळूहळू नाही, महिन्या-दोन महिन्यांत. यंत्र आणलं ते त्यांना सोसलं नाही, भणभणतं म्हणाले, ड्रॉवरमध्ये पडून आहे. ते आता माझ्या भावाकडे नाशिकला असतात. शुक्रवारी मी फोन करते. ते फोन हातात घेतात, "मी बरा आहे, तू बरी आहेस ना," एवढं म्हणतात आणि माझं उत्तर ऐकू येणार नाही म्हणून लगेच भावाकडे देतात. एकदा मी मुद्दाम कागदावर पत्र लिहिलं, पोस्टाने पाठवलं. त्यात सगळ्यांची चौकशी केली आणि शेवटी विचारलं, की आपल्याकडे थांबलं आणि इथं का नाही, ते सांगायचं राहिलं होतं. महिन्याभराने उत्तर आलं. अक्षर थोडं थरथरलेलं. तब्येत, पाऊस, वहिनीची बदली. खाली लिहिलं होतं, 'पुढचा भाग पुस्तकात सविस्तर दिला आहे. वाचून घ्यावा.'

मी वाचला. इंटरनेटवरही वाचला. मला आता ते माहीत आहे.

ड्रायव्हरभाईंना गेल्या रमजानच्या आधी मी फोन लावला होता. नंबर बंद होता. मदिनेतल्या त्यांच्या एका गाववाल्याने सांगितलं, ते फायनल एक्झिट घेऊन गेले, कायमचे. गावचा नंबर त्याच्याकडे नव्हता. बरं वाटलं. आणि वाईटही वाटलं, कारण तो तास ऐकलेलं दुसरं माणूस तेवढंच होतं.

या थंडीत नवऱ्याला सुट्टी मिळाली तेव्हा आम्ही दोघं तिथं जाऊन आलो. या वेळी रहिवासी, पर्यटन, शुल्क, आणि दोन मिनिटांत परवाना. पांढऱ्या डोंगराचाही मिळाला. ती मुलगी आता तिथं नव्हती, पुढच्या शिक्षणासाठी परदेशी गेली असं तिच्या जागी आलेल्या तरुणाने सांगितलं. माथ्यावर पोचायला आम्हाला दोन तास लागले. विवर खरंच मोठं आहे, पांढुरकं, शांत. नवरा फोटो काढत काठाकाठाने पुढे गेला. मग परत येऊन माझ्या शेजारी दगडावर बसला, पाणी प्यायला, म्हणाला, "बाबांना हे दाखवायला हवं होतं."

"हो," मी म्हटलं.

त्याने काही विचारलं असतं तर मी त्याला सांगू शकले असते. पांढरा का, तो काळा का, हे कुठून आलं, पुढे काय होईल. पण तो दमला होता, आणि समोरचं बघण्यातच त्याला आनंद वाटत होता. मी मोबाईल काढला. तिथं रेंज नव्हती, आणि असती तरी फोन करून काय उपयोग होता. खालून त्या तरुणाने हाक मारली, यल्ला, चला, वेळ झाली. पुढचा गट चढून वर पोचत होता, आठ-दहा माणसं, दोन लहान मुली. आम्ही त्यांना वाट दिली आणि उतरायला लागलो.